नोरीनचं गेट

"बंद कर," मी म्हटलं.

श्रीरंगने एक पाय जमिनीवर टेकवला होता आणि तो धापा टाकत होता. "काय बंद करू?"

"ते." मी त्याच्या सायकलच्या हँडलवरच्या यंत्राकडे बोट दाखवलं. "इथून पुढे रेघ काढायची नाही. नोरीनची अट आहे."

"अगं, पण किलोमीटर मोजायचे राहतील ना!"

"राहू देत. किलोमीटर कमी पडले म्हणून कोणी तुला घराबाहेर काढणार नाहीये."

तो हसला, पण हात काही हलवेना. शेवटी मीच वाकून त्याच्या यंत्राचं बटण दाबलं, मग माझ्या. गेट उघडलं, त्याला आत घेतलं आणि कडी लावली. गेट जसं मिळालं तसं ठेवायचं, हा इथल्या जंगलवाटांवर सायकल चालवणाऱ्यांचा पहिला धडा. बंद मिळालं तर बंद, उघडं मिळालं तर उघडं.

ऑगस्ट होता, म्हणजे इथली थंडी. वॉटलची झाडं पिवळ्या फुलांनी भरली होती. श्रीरंगने मनगटापर्यंत बाह्यांचं जाड जाकीट आणि हातमोजे घातले होते. मी पुढे, तो मागे. मला इतका आनंद झाला होता की काय सांगू. लग्नाला वीस-बावीस वर्षं झालेली बाई नवऱ्याला पहिल्यांदाच आपलं माहेर दाखवायला घेऊन निघावी, तशी मी निघाले होते.

हे माहेर मला कसं मिळालं ते आधी सांगायला हवं.

आम्ही ऑस्ट्रेलियात, बेंडिगोला राहतो. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी इथे सोनं सापडलं आणि जगभरची माणसं कुदळ-फावडी घेऊन धावली. सोनं संपल्यावर ती निघून गेली आणि मागे उरले उपसलेल्या मातीचे ढिगारे, विटांची एखादी चिमणी आणि जंगलात जागोजागी विहिरीएवढी खोल भोकं, कठडा नसलेली. त्यावर आता निलगिरीच्या जातीची काळ्या सालीची झाडं उभी आहेत. या सगळ्याला इथे बुश म्हणतात. त्यातून खडीचे आणि मातीचे जुने रस्ते गेलेत, आणि त्या रस्त्यांसाठी एक वेगळी सायकल मिळते. हँडल शर्यतीच्या सायकलसारखं वळलेलं, चाकं मात्र जाड. मुलगी शिकायला मेलबर्नला गेली, घर खायला उठलं, तेव्हा मी ती घेतली. रविवारी सायकलवाल्यांच्या क्लबाबरोबर जायचे आणि शनिवारी एकटी.

अशाच एका शनिवारी केटल क्रीक नावाच्या ओढ्यापलीकडे माझा टायर फाटला. समोर एक गेट होतं, आत पत्र्याचं घर. गेटाशी जाऊन मी हाक मारली, तर सत्तरीच्या पुढची एक बाई काठी आपटत आली.

"मशीन कुठे आहे तुझं?" तिने दरडावून विचारलं.

"कसलं मशीन?"

"जमिनीतलं सोनं शोधायचं. तुम्ही लोक रात्रीबेरात्री घुसता आणि माझी जमीन उकरून ठेवता."

"माझ्याकडे फाटलेला टायर आहे फक्त," मी म्हटलं.

ती हसली नाही, पण तिने पाणी आणून दिलं. मी गेटाबाहेर बसून चाक दुरुस्त करत होते आणि माझी नजर तिच्या घरामागच्या टेकडीवर गेली. उतारावर एक सपाट पट्टी कोरलेली होती, टेकडीला वळसा घालून गेलेली. कोणालाही वाटलं असतं, जुना चर आहे. मी विचारलं, "हा पाट कुठून येतो?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "हा पाण्याचा मार्ग आहे हे तुला कसं कळलं?"

कसं कळणार नाही? लांज्याजवळ आमची पोफळीची बाग होती आणि वरच्या वहाळातून बागेला पाट येत असे. पाटाला जेमतेम उतार हवा. जास्त झाला तर पाणी बांध फोडतं, कमी झाला तर जागीच मुरतं. आमच्या पाण्याच्या पाळीच्या दिवशी बाबा पुढे फावडं घेऊन आणि मी मागून पानं काढत, अशी आमची वरात निघायची. हे सगळं मी त्या बाईला मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलं. दगडाच्या बांधाला शेवाळ कसं धरतं तेही सांगितलं. तिने कडी काढली.

तिचं नाव नोरीन पेंगेली. तिचा पणजोबा इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून आला होता. मातीतून सोनं धुऊन काढायला पाणी लागे, म्हणून त्याने आणि त्याच्या भावांनी तो पाट खणला. सोनं गेलं, पाणीही गेलं, पाट राहिला. त्याच्या काठाने सायकल घातली तर चढ नाही की उतार नाही. टेकडीच्या अंगाने आपण नुसते वाहत जातो. त्या वाटेवर मला माझ्या वडिलांची आठवण यायची आणि त्रास व्हायचा नाही. इतकं सरळ आहे ते.

नोरीनची अट एकच होती. आमच्या हँडलवरची यंत्रं आम्ही जाऊ तिथली रेघ नकाशावर काढतात, आणि घरी आलो की ती रेघ आपोआप सायकलवाल्यांच्या ॲपवर चढते. मग क्लबातले सगळे ती बघतात आणि वाट आवडली की पुढच्या रविवारी तिथे हजर. हे मीच तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, "तुला मी कधीही ये म्हणेन. तुझ्या त्या रेघेला नाही."

म्हणून दर शनिवारी तिच्या गेटाशी मी यंत्र बंद करायचे. पाटावरून एक फेरी मारायची, तिच्या स्वयंपाकघरात चहा प्यायचा, तिच्या बरगड्या दिसणाऱ्या म्हाताऱ्या मेंढ्यांना नावं ठेवायची आणि पलीकडच्या रस्त्याला लागलं की यंत्र परत सुरू. मनात मी तिला नोरीनमावशी म्हणत असे. या देशात मला स्वतःच्या बळावर मिळालेलं ते पहिलं माणूस होतं. बाकीची सगळी श्रीरंगच्या ऑफिसातून नाहीतर महाराष्ट्र मंडळातून आलेली.

श्रीरंगला मी तिच्याबद्दल बोलले नव्हते. लपवलं असं नाही. शनिवारी घरी आले की तो लॅपटॉपमागून म्हणायचा, "आलीस?" मी म्हणायचे, "आले." एवढाच आमचा संवाद. कुठे गेली होतीस, असं त्याने विचारलं असतं तर मी तासभर सांगितलं असतं.

आणि मग त्या उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या जानेवारीत, काही ध्यानीमनी नसताना, तो सायकल घेऊन आला.

"मी पण येणार तुझ्याबरोबर," तो म्हणाला.

मी वेडीच झाले. ज्या माणसाला कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत नेताना दम लागतो, तो खडीवर सायकल चालवणार! पहिल्या महिन्यात तो दोनदा आपटला. एकदा कोपरापासून मनगटापर्यंत सोलवटून निघाला. मी म्हटलं, सोड, हे तुझं काम नाही. तर दात-ओठ खाऊन म्हणाला, "नाही, शिकणार." मंडळातल्या बायका मला चिडवायच्या, "काय गं सुनेत्रा, या वयात नवरा मागे मागे फिरतोय!" मी वरवर रागवायचे आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. सहा महिने तो रविवारी क्लबाबरोबर आला. सगळ्यात शेवटी असायचा, पण असायचा. क्लबाचा म्होरक्या ग्लेन तर त्याच्यावर बेहद्द खूश होता.

शेवटी एके रात्री जेवताना तो म्हणाला, "तू शनिवारी एकटी जातेस ना, तिथे मला एकदा ने."

त्या वेळी मी त्याला नोरीनबद्दल सगळं सांगितलं. पाट, मेंढ्या, अट, सगळं. तो जेवण थांबवून ऐकत होता. इतकं मन लावून तो माझं कित्येक वर्षांत ऐकत नव्हता.

नोरीनला विचारलं तर तिने जरा वेळ घेतला. मग म्हणाली, "नवरा आहे ना तुझा? मग आण. त्याचंही यंत्र बंद."

तर असे आम्ही त्या दिवशी पाटावरून निघालो. मी मागे वळून वळून सांगत होते. हे बघ, इथे बांध दगडी आहे. इथे ओघळ ओलांडायला लाकडी पन्हळ होती, तिचे खांब बघ. डावीकडे जाऊ नकोस, त्या झुडपामागे भोक आहे. तो सगळ्याला "हं, हं" म्हणत होता आणि इकडेतिकडे बघत होता. मला वाटलं, हरखून गेलाय.

स्वयंपाकघरात नोरीनची लाकडाची शेगडी धडधडत होती. मी जाकीट काढलं, टोपी काढली, तरी घाम फुटला.

"जाकीट काढ की," नोरीन श्रीरंगला म्हणाली.

"नको, नको. मला थंडी फार वाजते." त्याने हातमोजे काढले, पण बाह्या तशाच खाली ओढून बसला.

नोरीनने गरम स्कोन, म्हणजे इथले छोटे गोडसर पाव, आणि जर्दाळूचा मुरंबा पुढे ठेवला. श्रीरंगने खोलीभर नजर फिरवली. भिंतीवरचे फोटो पाहिले, दाराशी ठेवलेले बूट पाहिले.

"तुम्ही इथे एकट्याच राहता?" त्याने विचारलं.

"नवरा गेल्यापासून एकटीच."

"मुलं वगैरे?"

"झाली नाहीत."

"मग मेंढ्या, कुंपण, लाकडं फोडणं... मदतीला कोणी पुरुषमाणूस येत असेल ना?"

नोरीन खळखळून हसली. "कोण येणार माझ्यासाठी इतक्या लांब? ही एक येते शनिवारी. हीच फोडते लाकडं."

श्रीरंगही हसला. काय हसला! डोक्यावरचं ओझं उतरवून ठेवावं तसा खुर्चीत मागे रेलला, आणि मग त्याने एकामागून एक चार स्कोन खाल्ले, मुरंबा चाटूनपुसून संपवला. नोरीनच्या पणजोबांबद्दल विचारलं, मेंढ्यांची नावं विचारली. सगळ्यात म्हाताऱ्या मेंढीचं नाव डचेस आहे म्हटल्यावर टाळी वाजवली. निघताना त्याने नोरीनला चक्क मिठी मारली. ज्याला माझ्या भावाशी हात मिळवतानाही अवघडल्यासारखं होतं, त्याने!

परतीच्या वाटेवर तो शीळ घालत होता. मी मागून त्याच्याकडे बघत होते आणि माझे डोळे भरून आले होते. मला वाटलं, याला आवडलं. जे माझं आहे ते याला आवडलं.

घरी आल्यावर तो म्हणाला, गुडघा दुखतोय. दुसऱ्या दिवशी क्लबाबरोबर आला नाही. त्यानंतरच्या रविवारीही नाही. सायकल गॅरेजमध्ये भिंतीला टांगली गेली. मी गुडघ्याला तेल चोळून द्यायचे, शेकायला पिशवी द्यायचे. वाईट वाटायचं मला, बिचाऱ्याला नुकतीच गोडी लागली होती.

मधे दोन शनिवार मला माझ्या नोकरीवर, लॅबमध्ये, जावं लागलं. तिसऱ्या शनिवारी नोरीनच्या गेटाशी पोचले तर कडीला साखळी होती आणि साखळीला कुलूप. कुलूप नवं कोरं, उन्हात चमकत होतं.

मी हाक मारली. बऱ्याच वेळाने नोरीन घराबाहेर आली. गेटापासून चार हातांवर थांबली.

"जा तू," ती म्हणाली.

"काय झालं?"

"तुझे लोक आले होते. आठ-दहा जण, रंगीत कपड्यांतले. आधी वाटलं तू असशील. गेट उघडं टाकून पाटावर गेले. मेंढ्या बाहेर पडल्या. दोन रस्त्यावर मिळाल्या. डचेस... डचेस झुडपामागच्या भोकात पडली. खूप खोल आहे ते. ती ओरडत होती. मी काठाशी बसून तिच्याशी बोलत होते, दुसरं काय करणार? सकाळपर्यंत ओरडत होती."

"नोरीन, मी कोणालाही सांगितलेलं नाही. मुलीची शपथ घेऊन सांगते. माझी रेघ इथे नाही, हवं तर बघ." आणि मी खिशातून फोन काढायला लागले.

"तुझी नाही," ती म्हणाली. "त्यांच्या म्होरक्याने मला फोनवर दाखवली. फार अभिमानाने दाखवली. म्हणाला, आमच्यातल्या एकाने ही वाट शोधून काढली. त्याचं नाव मी ओळखलं. माझ्या टेबलावर बसून जेवलेला माणूस आहे."

"पण त्याचं यंत्र मी स्वतः बंद केलं होतं!"

"मग तूच विचार त्याला," असं म्हणून नोरीन वळली आणि घरात गेली.

परतीचा रस्ता कसा संपला मला आठवत नाही. श्रीरंग नेहमीच्या जागी बसला होता. लॅपटॉपमागून म्हणाला, "आलीस?"

मी हेल्मेटही काढलं नव्हतं. "नोरीनच्या पाटाची रेघ ॲपवर कशी गेली?"

त्याने आधी कपाळाला हात लावला. "अरे देवा! गेली का ती? अगं, घड्याळ. पोरीने दिलेलं घड्याळ होतं हातात, त्यातही रेघ निघत होती. ते आपोआप चढवतं हे माझ्या लक्षातच आलं नाही. मला माझ्यापुरती हवी होती."

मनगटावर ओढून घेतलेल्या बाह्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या. तापलेल्या स्वयंपाकघरात घामाघूम होऊन बसलेला श्रीरंग.

"मी बंद कर म्हटलं, तेव्हा तू घड्याळ लपवलंस. का? कशाला हवी होती तुला?"

त्याने लॅपटॉप मिटला आणि माझ्याकडे बघून हसला. ओशाळं नव्हे, मोकळं. आता सांगायला हरकत नाही, असं.

"रागवू नकोस. आता सगळं संपलंय, म्हणून सांगतो. गेल्या वर्षी मी सहज तुझ्या फेऱ्या बघत होतो. तर दर शनिवारी तुझी रेघ एकाच जागी तुटायची. दोन तास काहीच नाही. मग पलीकडच्या रस्त्यावर परत सुरू. एकदा नाही, दर शनिवारी. माणसाला काय वाटेल, तूच सांग."

"काय वाटलं तुला?"

"तेच. कोणालाही वाटेल ते."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारून कोणी खरं सांगतं का? म्हटलं, आपणच बघावं. पण तिथे गाडी जात नाही, मग सायकल शिकलो. सोपं नव्हतं हं! आणि शेवटी बघतो तर काय, म्हातारी निघाली!" तो खरंच हसायला लागला. "मला इतकं हलकं वाटलं ना त्या दिवशी. फक्त एक खात्री करायची होती. तुझ्या त्या दोन तासांत तेवढा पाट आणि चहा बरोबर बसतो का, की मधे आणखी कुठे वेळ जातो. म्हणून घड्याळ. घरी येऊन लावून बघितलं."

"मग? बसलं?"

"अगदी बरोबर बसलं," तो म्हणाला. माझ्याकडे अशा चेहऱ्याने बघत राहिला, जणू मी परीक्षेत पास झाले होते आणि आता पेढे मीच वाटायचे होते.

मी गॅरेजमध्ये गेले. त्याची सायकल भिंतीला टांगलेली होती. चाकांवर पाटाची तांबडी माती वाळून बसली होती. त्या दिवसानंतर तो तिच्यावर बसलाच नव्हता. त्याचं काम झालं होतं. त्याचा गुडघा मी पंधरा दिवस चोळत होते. आणि ते सहा महिने, ते आपटणं, तो मागून येणारा धापांचा आवाज ऐकून मुद्दाम हळू चालवलेली माझी सायकल! केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला तिथे, टायरच्या वासात उभी असताना कळलं. दुसऱ्या बाईचं प्रकरण निघालं असतं तर चार माणसांत सांगता तरी आलं असतं. हे कोणाला सांगणार? सगळे म्हणाले असते, संशय फिटला ना, मग झालं तर.

पुढच्या शनिवारी मी परत गेटाशी गेले. यंत्र घरीच ठेवलं. तेव्हापासून आजपर्यंत, इतकी वर्षं, मी ते सायकलला लावलेलं नाही. श्रीरंगनेही कधी विचारलं नाही. आम्ही एकाच घरात राहतो.

नोरीन कुंपणाची तार ताणत होती. मी गेटाबाहेर उभी राहून तिला सगळं सांगितलं. ॲपवरून रेघ काढून टाकायला लावली, क्लबात जाऊन सगळ्यांना वाट बंद असल्याचं सांगितलं, हे सांगितलं. आणि श्रीरंगने ती मुळात का आखली तेही. हे मी जगात एकाच माणसाला सांगितलं आणि ते परक्या भाषेत. आपल्या भाषेत मला ते तोंडातून काढता आलं नसतं.

नोरीनने पक्कड खाली ठेवली आणि ती गेटापर्यंत आली. तिने कुलूप काढलं नाही, मीही काढ म्हटलं नाही. मधे गेट ठेवून आम्ही दोघी उभ्या होतो. टेकडीवरचा पाट तिच्या खांद्यामागे दिसत होता.

"जाताना त्याने मला मिठी मारली होती," ती म्हणाली. "मी तुम्हाला वळणापर्यंत बघत उभी होते. शीळ घालत चालला होता. मला वाटलं, किती सुखात आहे हा माणूस हिच्याबरोबर."

"मलाही तसंच वाटलं होतं," मी म्हटलं.